ट्रेलर-जोडणी
ट्रेलर-जोडणी : ज्या वाहनास स्वतःचे एंजिन नसते व जे दुसऱ्या स्वयंचलित वाहनाच्या मागे जोडून ओढावे लागते, त्यास ट्रेलर म्हणतात. ओढणारे वाहन व ट्रेलर यांना सांधणाऱ्या यांत्रिक रचनेस ट्रेलर-जोडणी किंवा हिच अशी संज्ञा आहे. या रचनेस परस्परविरोधी वाटणारी दोन कार्ये एकाच वेळी पार पाडावी लागतात. ओढ, धक्का व हिसका सहन करूनही दोन वाहने एकमेकांपासून सुटता कामा नयेत. तसेच वळणावर, चढ-उतारावर व खाचखळग्यांत ट्रेलरला ओढणाऱ्या वाहनाच्या संदर्भात सर्व दिशांनी मर्यादित हालचाल करता आली पाहिजे. बैलगाडीत जू व दांडी यांना बांधणाऱ्या वादीत हे दोन्ही गुण असतात. परंतु वादीची ताकद बैलाच्या चालीस पुरेशी असते, मोटारीच्या वेगास नव्हे. वेग व भार वाढत गेले तशी जोडणीची रचनाही बदलत गेली. हे बदल बहुधा अपघातांच्या अनुभवातून झाले असून त्यांपैकी कित्येक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडून आले.

पूर्वेतिहास : यांत्रिक शक्तीने ओढल्या जाणाऱ्या वाहनांच्या जोडणीचा प्रश्न प्रथम रेल्वेपुढे उभा राहिला. अमेरिकेतील रेल्वेवर एकोणिसाव्या शतकात कडी व खुंटी यांची जोडणी प्रचारात होती. तीत दोन डबे एकमेकांजवळ येत असताना कामगारास मधल्या जागेत उभे राहून कडी समोरच्या खाचेत घालावी लागे व वरून खुंटी बसवावी लागे. अंदाज क्षणभर चुकला, तरी बोटे, हात किंवा प्राण गमवावे लागत. ईलाय जॅनी यांनी १८७३ मध्ये स्वयंचलित जोडणीचे एकस्व (पेटंट) मिळविले. दोन हातांची वाकविलेली बोटे एकमेकांत अडकवावीत त्याप्रमाणे या जोडणीचे जबडे डबे एकमेकांवर येताच आपोआप मिटतात व पक्के होतात. आयोवा राज्यातील लोरेंझो कॉफिन यांनी कामगारांच्या सुरक्षिततेसाठी अनेक वर्षे चालविलेल्या चळवळीस अखेर यश आले व २ मार्च १८९३ रोजी रेल्वे सुरक्षा-उपकरण अधिनियम संमत झाला. त्यान्वये स्वयंचलित जोडणी व अखंड गतिरोधक सक्तीचे झाले.

गतिरोधकांच्या बाबतीत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ च्या सुमारास सिद्ध केलेले स्वयंचलित वातगतिरोधक विशेष महत्त्वाचे होत. गाडी मध्येच तुटून हवेची नळी निसटली की, दाब कमी होऊन दोन्ही भागांचे गतिरोधक आपोआप लागतात. जोडणी कधी तरी निकामी होईल असे गृहीत धरूनच पुढची व्यवस्था करावी, हे तत्त्व येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर अंमलात आले. रस्त्यावरील वाहनांच्या बाबतीत ते रुजण्यास पुढे पुष्कळ काळ लागला.

रस्त्यावरील जोडणी : घोडागाडीच्या पुढील आसावर एक सपाट चकती आडवी बसविलेली असे व तिच्यावर गाडीचा पुढचा भाग वळत असे. चार चाकांखेरीज असलेल्या या चकतीस ‘पाचवे चाक’ म्हणत. ट्रक व अर्ध-ट्रेलर यांना जोडणाऱ्या आधुनिक जोडणीस हेच नाव पुढे चालू राहिले. डिट्रॉइट येथील लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांनी १९१४ मध्ये एका लाकूड-व्यापाऱ्याची नौका वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडावयाचा ट्रेलर तयार केला. तोच व्यापारी पुढे लाकूड वाहण्यासाठीही असेच ट्रेलर मागू लागला आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला.

हलक्या वाहनांच्या बाबतीत निराळी परिस्थिती होती. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये ‘टी’ नमुन्याच्या मोटारीवर कारखान्यातच पिकअप पद्धतीचा उघडा हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकण्यास सुरुवात केली. पिकअप ट्रक शेतकरी, सुतार, नळजोडणी करणारे कारागीर अशा सर्वांच्या उपयोगी पडला. हौद्यात न मावणारे ओझे, उदा., जनावरे, गवताच्या गंज्या, यंत्रे, नौका इ., ट्रेलरवर लादून ओढण्याची प्रथा लवकरच रूढ झाली. आरंभी जोडणीसाठी खुंटी व भोक किंवा साधा आकडा वापरीत. त्यांतील सैल जागेमुळे प्रत्येक वेळी वेग बदलताना हिसका बसे व भोक झिजत जाई. गोलक व त्यावर बसणारी वाटी यांची जोडणी प्रचारात आल्यावर हा दोष पुष्कळसा दूर झाला. जर्मनीत व्हेस्टफालिया या कारखान्याने १९३० च्या दशकात अशी जोडणी विकसित केली. गोलकावर वाटी खुंटीप्रमाणे न खडखडता सर्व दिशांनी फिरू शकते आणि वाटीखालील पकड मिटली म्हणजे ती वर उचलली जात नाही.

बंपर-जोडणी व तिचे दोष : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्थलांतर व सहली यांचे प्रमाण वाढले. लेनर्ड शोएन व त्यांच्या पत्नी यांनी १९४५ मध्ये यू-हॉल ही कंपनी काढली व एका गावी ट्रेलर भाड्याने घेऊन दुसऱ्या गावी परत करण्याची सोय केली. भाड्याच्या ट्रेलरसाठी ग्राहकाच्या मोटारीत कायमचा फेरफार करणे शक्य नसल्याने मोटारीच्या मागील बंपरला शिकंज्याने आवळून बसविण्याच्या जोडण्या वापरात आल्या. त्या काळचे बंपर जाड पोलादी पत्र्याचे असल्याने हलक्या ट्रेलरसाठी ही पद्धत चालून गेली.

तथापि बंपरचे मूळ कार्य आघात झेलणे हे होय, ओझे ओढणे नव्हे. तो वाहनाच्या चौकटीस थोड्याच बोल्टांनी कंसांमार्फत जोडलेला असतो. ट्रेलरच्या दांडीचा भार बंपरवर खाली दाबला जातो, तर ओढ मागे खेचते. त्यामुळे बंपरला पीळ बसतो व कंसांचे बोल्ट आळीपाळीने ताणले व सैल होतात. असे हजारो वेळा झाल्यावर धातूला शिणवटा येऊन तडा जातो. हा तडा बहुधा गंज व चिखल यांच्याखाली दडलेला राहतो. अमेरिकेत १९७३ सालच्या नमुन्यांपासून प्रवासी मोटारींचे बंपर मंद गतीचा आघात शोषून घेतील असे करणे नियमाने बंधनकारक झाले. आघाताने मागे सरकणाऱ्या या बंपरवर शिकंजा आवळणे योग्य नव्हते. पिकअप ट्रकला हा नियम लागू नव्हता. पायरीसारखा सपाट बंपर व त्यात गोलकासाठी पाडलेले भोक ही पद्धत पिकअप ट्रकच्या बाबतीत त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकून राहिली.

यावर उपाय म्हणून चौकटीच्या दोन्ही लांब तुळयांना बोल्टांनी जोडलेला आडवा पोलादी दांडा व त्याच्या मध्यभागी चौकोनी नळी अशी रचना पुढे सर्वत्र स्वीकारली गेली. या नळीत गोलकाचा दांडा सरकवून आडवी खुंटी घालतात. काम नसताना तो काढून ठेवता येतो. नळीचे आतील माप हलक्या वाहनांसाठी ३१·७५ मिमी. व मध्यम वाहनांसाठी ५०·८ मिमी. असे सर्वसाधारणपणे रूढ आहे.

मानके : १९०५ मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेच्या जे ६८४ या मानकात ट्रेलरच्या एकूण भारानुसार जोडणीचे चार वर्ग केलेले आहेत : पहिला ९०७ किग्रॅ. पर्यंत, दुसरा १,५८८ किग्रॅ. पर्यंत, तिसरा २,२६८ किग्रॅ. पर्यंत व चौथा ४,५३६ किग्रॅ. पर्यंत. जोडणी, गोलक, वाटी व साखळ्या या प्रत्येकाची क्षमता स्वतंत्र असते. त्यांपैकी जी सर्वांत कमी असेल, तीच संपूर्ण रचनेची क्षमता समजावी लागते.

गोलकाच्या मापाबाबत विशेष दक्षता आवश्यक असते. अमेरिकेत ४७·६ मिमी., ५०·८ मिमी. व ५८·७ मिमी. व्यासांचे गोलक प्रचारात आहेत, तर युरोपात ५० मिमी. व्यासाचा गोलक वापरतात. मोठ्या मापाची वाटी लहान गोलकावर सहज बसते, पकडही मिटल्यासारखी वाटते. पण पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ती उसळून निघू शकते. ही चूक नजरेने ओळखणे कठीण असल्यामुळे गोलकावर त्याचा व्यास व भारक्षमता कोरलेली असते.

ट्रक किती भार ओढू शकतो याविषयीच्या मानकास मात्र बराच विलंब लागला. जे २८०७ हे मानक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. टोयोटा कंपनीने २०११ च्या नमुन्यांसाठी ते प्रथम अंगीकारले व पुढील काही वर्षांत इतर प्रमुख कंपन्यांनीही त्याचा स्वीकार केला. तत्पूर्वी प्रत्येक कारखाना ओढण्याची क्षमता आपापल्या पद्धतीने ठरवीत असे. त्यामुळे जुन्या ट्रकच्या माहितीपुस्तिकेतील आकडा नव्या ट्रकच्या आकड्याशी तुलनीय नसतो. ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’ ही पिकअप ट्रकची जुनी नावेही हौद्यातील नाममात्र भारावरून पडलेली आहेत. त्यांवरून ओढण्याची क्षमता काढता येत नाही.

यांत्रिक तत्त्वे : ट्रेलरच्या दांडीचा गोलकावर पडणारा उभा भार ट्रेलरच्या एकूण भाराच्या १० ते १५ टक्के असावा, असा अमेरिकेतील संकेत आहे. हा भार फार कमी असल्यास, म्हणजे ओझे ट्रेलरच्या मागील भागात लादलेले असल्यास, ट्रेलर डावी-उजवीकडे डुलू लागतो. विशिष्ट वेगाच्या पुढे हे डोलणे आपोआप शमत नाही, उलट प्रत्येक हेलकाव्यागणिक वाढत जाऊन ओढणाऱ्या वाहनासही रस्त्याबाहेर खेचते.

उभा भार फार जास्त झाल्यास निराळा धोका उद्‌भवतो. गोलक मागील आसाच्या मागे असल्याने वाहन तरफेसारखे वागते व मागील आस हा तिचा टेकू होतो. उदा., दोन आसांमधील अंतर २९२ सेंमी., मागील आसापासून गोलकापर्यंतचे अंतर १२० सेंमी. व गोलकावरील भार २०० किग्रॅ. असल्यास पुढील आसावरील भार २०० × १२० ÷ २९२ म्हणजे सु. ८२ किग्रॅ. ने कमी होतो व मागील आसावरील भार सु. २८२ किग्रॅ. ने वाढतो. गोलक आणखी ३० सेंमी. मागे नेल्यास पुढील आसावरील घट सु. १०३ किग्रॅ. होते. पुढील चाकांवरच दिशानियंत्रण व गतिरोधनाचा मोठा वाटा अवलंबून असल्याने ही घट उपेक्षणीय नाही. पिकअप ट्रकचा मागील भाग रिकामा असताना हलका असतो व मागील स्प्रिंगा कडक असतात. त्यामुळे ट्रकचा माथा फारसा वर उचललेला दिसला नाही, तरी भाराचे स्थानांतर झालेलेच असते. भारी ट्रेलरसाठी स्प्रिंगदांड्यांच्या साहाय्याने गोलकावरील भाराचा काही अंश पुढील आसावर व ट्रेलरच्या आसावर परत वाटून देणारी भारवितरक जोडणी वापरतात.

जुन्या ट्रकला जोडणी बसविणे : जोडणी कितीही बळकट असली, तरी तिचे बळ ती ज्या चौकटीस जोडली आहे तिच्याइतकेच असते. जुन्या पिकअप ट्रकच्या बाबतीत म्हणून पहिली तपासणी चौकटीची करतात. मागील आसामागचा भाग, स्प्रिंगा टांगण्याचे कंस व बंपरच्या कंसांखालील जागा येथे चिखल व मीठ साचून गंज चढतो. गंजाचे पापुद्रे तारेच्या कुंच्याने खरवडून हातोडीने ठोकून पाहतात. खणखणीत नाद न येता बद्द आवाज आला किंवा धातू दबला, तर जोडणी बसविण्यापूर्वी चौकटीचीच दुरुस्ती करावी लागते. पूर्वीच्या अपघाताने चौकट वाकलेली नाही ना, रिव्हेट सैल नाहीत ना व आधीच्या मालकाने जागोजागी भोके पाडलेली नाहीत ना, हेही पहावे लागते.

जोडणी शक्यतो त्या नमुन्याच्या ट्रकसाठीच बनविलेली व चौकटीतील मूळ भोकांत बसणारी घेतात. नवीन भोक पाडणे भाग पडल्यास ते तुळईच्या उभ्या बाजूवर पाडतात. वरच्या व खालच्या आडव्या पट्ट्यांवर वाकण्याचे प्रतिबल सर्वाधिक असल्याने तेथे भोक पाडणे टाळतात. तुळईच्या आतील बाजूने जाड पोलादी पट्टी ठेवल्यास बोल्टाचा दाब पसरतो. पेटीसारख्या बंद तुळईत नळीचा तुकडा घालतात, अन्यथा बोल्ट आवळताना तिच्या भिंती चेपतात व कालांतराने बोल्ट ढिला पडतो. तुळईस वितळजोडकाम करण्याचा मोह टाळणे इष्ट असते. उष्णतेने जोडाशेजारच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि पुढे तडा जातो तो नेमका तेथेच. बोल्ट उच्च बलाचे हवेत. अमेरिकी पद्धतीत बोल्टाच्या डोक्यावरील तीन रेघा पाचवी प्रत व सहा रेघा आठवी प्रत दर्शवितात; कोऱ्या डोक्याचा बोल्ट या कामास वर्ज्य होय. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या परिबलाने आवळून पहिल्या काही प्रवासांनंतर पुन्हा तपासतात. छिद्रण करण्यापूर्वी चौकटीलगत जाणाऱ्या गतिरोधकाच्या व इंधनाच्या नळ्या, विजेच्या तारा व इंधनटाकी यांची जागा पाहणे अत्यावश्यक असते.

गतिरोधक व दिवे : १९६७ पूर्वीच्या बहुतेक पिकअप ट्रकांत द्रवीय गतिरोधकांचे एकच मंडल असे. एखादी नळी फुटल्यास चारही चाकांचे गतिरोधक एकदम निकामी होत. त्यातच ट्रेलरची भर पडल्यास धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून अशा ट्रकमागे भारी ट्रेलर लावावयाचा असल्यास ट्रेलरला स्वतंत्र गतिरोधक असणे आवश्यक ठरते. विद्युत् चुंबकाने चालणारे ट्रेलर-गतिरोधक विस्कॉन्सिनमधील आर्थर वॉर्नर यांच्या प्रयत्नांतून १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे आले. अशा ट्रेलरवर एक लहान विद्युत् घटमाला व तुटीचा स्विच बसवितात. ट्रेलर सुटल्यास स्विचची तार खेचली जाऊन त्याचे गतिरोधक लागतात. वेस्टिंगहाउस यांचेच हे तत्त्व होय. ही तार गोलकास किंवा साखळीस न बांधता ट्रकच्या चौकटीस स्वतंत्रपणे बांधावी लागते, कारण गोलकच निसटल्यास ती त्याच्याबरोबर जाऊन निरुपयोगी ठरेल. सुरक्षा-साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून तिरक्या नेऊन अडकवितात. जोडणी सुटली तरी दांडी या झोळीत पडते व रस्त्यात रुतत नाही.

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी ट्रकांची विद्युत् व्यवस्था ६ व्होल्टची होती; शेव्हरोलेने १९५५ मध्ये व फोर्डने १९५६ मध्ये १२ व्होल्टचा अंगीकार केला. ६ व्होल्टच्या ट्रकला १२ व्होल्टच्या दिव्यांचा ट्रेलर जोडल्यास दिवे अंधुक लागतात व मागून येणाऱ्या वाहनास वेळीच दिसत नाहीत. अशा वेळी ट्रेलरचे दिवे ट्रकच्या व्होल्टतेस जुळणारे घ्यावे लागतात. तारांच्या जुन्या गंजक्या टोकांमुळेही असाच परिणाम होतो; म्हणून विद्युत् मंडल गोलकातून पूर्ण होईल यावर विसंबून न राहता परतीची तार वेगळी नेतात.

भारतातील स्थिती : भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रेलरची व्याख्या दिलेली आहे. भारतात पिकअप ट्रकमागील ट्रेलरपेक्षा ट्रॅक्टरमागील ट्रॉलीच अधिक आढळते. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात ट्रॅक्टरला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडून ऊस साखर कारखान्यांकडे नेतात. या ट्रॉल्यांची जोडणी बहुतांशी कडी व खुंटी याच पद्धतीची असते. ट्रॅक्टरच्या बाबतीत जोडणीची उंचीही महत्त्वाची ठरते. ओढण्याचा बिंदू मागील आसाच्या वर असल्यास व भार अडकल्यास ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन तो चालकावर उलटू शकतो. हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ मध्ये एकस्व घेतलेल्या त्रिबिंदू जोडणीमुळे अवजारांच्या बाबतीत हा धोका पुष्कळ कमी झाला. ट्रॉली मात्र खालच्या ओढदांड्यासच जोडावी लागते. झिजलेली खुंटी, खुंटीस अडकण नसणे, दुय्यम साखळीचा अभाव आणि मागील दिवे किंवा परावर्तक नसणे ही येथील अपघातांची ठळक कारणे आहेत. खुंटी वेळीच बदलणे, तिला अडकण लावणे, साखळी जोडणे व परावर्तक बसविणे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. ते योजिल्यास ट्रॅक्टर-चालकाबरोबरच रात्री त्याच्या मागून येणाऱ्या सायकलस्वाराचे व दुचाकीस्वाराचेही रक्षण होते.